जुन्या मोटारीचे मोल

बैलबाजारात बैलाचे वय कोणी मालकाला विचारीत नाही, आणि विचारलेच तर त्याच्या उत्तरावर विसंबत नाही. जाणता शेतकरी सरळ जबडा उघडतो आणि दात पाहतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला, अशी त्या वयाची परिभाषा ठरलेली आहे. दात पाहून झाले की खांदा पाहायचा, खूर पाहायचे आणि एकदा जुंपून चाल पाहायची. बैल किती वर्षांचा आणि त्याने आजवर किती ओढले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून रुमालाखाली बोटे धरायची नाहीत, हा जुना शिरस्ता.

पुढे मोटार आली आणि तिच्यामागोमाग हेच दोन प्रश्न आले. गाडी कोणत्या सालची? आणि किती चाललेली? फरक एवढाच, की बैलाची किंमत तो भर वयात येईपर्यंत चढत जाते, मोटारीला असे चढते वय नाही. दुकानाच्या दारातून ती बाहेर पडली की तिची उतरण सुरू होते. वर्षे वाढली की किंमत उतरते, मैल वाढले की आणखी उतरते. हे इतके उघड वाटते, की त्यात इतिहास तो काय असणार असे वाचकाला वाटेल. परंतु आपल्याच देशात तीस-पस्तीस वर्षांचा असा काळ होऊन गेला, की त्यात हे उघड सत्य खोटे ठरले होते. त्या काळाकडे पाहिले म्हणजे जुन्या मोटारीचे मोल खरोखर कशावर ठरते, ते कळू लागते.

प्रथम मैलांचे पाहू. गेलेली वाट मोजण्याची हौस मोटारीहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस याने अशा एका रथाचे वर्णन करून ठेवले आहे. त्याच्या चाकाच्या एका फेऱ्यात साडेबारा फूट वाट सरे. चारशे फेरे झाले की पाच हजार फुटांचा रोमन मैल पुरा होई आणि दातेरी चाकांच्या योजनेने एक खडा खालच्या भांड्यात पडे. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, की झाले मैल. मोटारीच्या डॅशबोर्डवरचे आकडे म्हणजे हेच खडे. मात्र रोमन प्रवाशाला खडे चोरण्याचे काही कारण नव्हते, कारण तो रथ विकायला निघालेला नव्हता.

ते कारण अमेरिकेत निर्माण झाले. फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या संख्येने निघाली. पहिल्या महायुद्धानंतर तेथे अशी स्थिती आली, की नवी गाडी घ्यायला येणारा माणूस जुनी गाडी घेऊनच दारात उभा राही. तिचे किती पैसे वळते करायचे, हा प्रश्न दुकानदारापुढे रोज पडू लागला. १९२६ साली लॉस एंजेलिसच्या केली नावाच्या व्यापाऱ्याने जुन्या गाड्यांच्या भावांचे एक पुस्तकच छापले. ते 'ब्लू बुक' म्हणून पुढे प्रसिद्ध झाले. जुन्या वस्तूचा भाव घासाघीस करून न ठरता छापील कोष्टकातून ठरू लागला, ही व्यापाराच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

या कोष्टकांमागे यंत्रशास्त्राचा आधार निश्चित आहे. चालण्याने इंजिनातील रिंगा, बेअरिंगे, क्लच आणि ब्रेक झिजतात. तो मैलांचा परिणाम. न चालतादेखील रबर कडक होते, पत्र्याला गंज चढतो, तेल बिघडते. तो वयाचा परिणाम. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत उभ्या उभ्या कुजलेल्या गाड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. शिवाय मैल आणि मैल सारखे नसतात. महामार्गावर एका लयीत धावलेले पन्नास हजार आणि शहराच्या गर्दीत क्षणोक्षणी गिअर बदलीत काढलेले पन्नास हजार, यांत महदंतर आहे. तेव्हा वय आणि मैल हे गाडीच्या प्रकृतीचे साक्षीदार होत, ती प्रकृती नव्हे. आणि साक्षीदार म्हटला की तो फितूर होण्याचा संभव आलाच.

वयाचा साक्षीदार सहसा फितूर होत नाही, कारण त्याचा जबाब सरकारी दप्तरात लिहिलेला असतो. मैलांच्या साक्षीदाराचे तसे नाही. तो गाडीच्या आतच बसलेला, मालकाच्या ताब्यातला. जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये बहुधा पाचच आकडे असत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव मैल झाले की गाडी पुन्हा शून्यावर येऊन कुमारिका होई! त्याआधीच घाई झाली तर मीटर मागे फिरवून देणारे कारागीर होतेच. हा रोग अमेरिकेत इतका बळावला, की १९७२ साली तेथील सरकारला मीटर फिरवण्याविरुद्ध देशव्यापी कायदा करावा लागला.

याच सुमारास एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने या बाजाराचे वर्म नेमके पकडले. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ याचा १९७० साली प्रसिद्ध झालेला निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर होता. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि त्याच निबंधाच्या बळावर २००१ साली लेखकाला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक मात्र हसत होतो. चांगल्या गाड्या बाजारातून मागे सरतात, भाव आणखी उतरतो आणि शेवटी वाईटच तेवढे उरते. सहा महिन्यांची गाडी कोणी विकायला काढली की आपण 'का बरे?' म्हणून भुवया उंचावतो. पहिल्या वर्षाची मोठी घट झिजेपेक्षा या शंकेपोटीच अधिक होते. मराठी वाचकाला मौज वाटेल ती याची, की याच निबंधात तांदळातले खडे निवडीत बसलेली भारतीय गृहिणीही आली आहे. तांदळाच्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळणारा दुकानदार आणि मीटर फिरवणारा दलाल ही एकाच कुळातली माणसे आहेत, हे त्याने ओळखले होते.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत परदेशी कंपन्या गाड्यांचे सुटे भाग आणून जोडीत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ सालचा. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांना येथेच भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावे. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडी सोडली. मैदानात मुख्यतः तिघे उरले. कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबॅसडर, फिआट आणि हेरल्ड ही तीन नावे म्हणजे भारतीय मोटारविश्व. किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे. १९६९ साली सरकारने किमतीवरही कायदेशीर नियंत्रण आणले, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

परिणाम काय झाला? नव्या फिआटसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत बसली. आणि ज्याला गाडी आजच हवी, तो जुन्या गाडीकडे वळला. मग असे होऊ लागले, की एक-दोन वर्षे चाललेली फिआट नव्या गाडीच्या सरकारी किमतीहून अधिक भावाने विकली जाई. वर द्यायच्या या पैशाला बाजारात 'ऑन' म्हणत. जी गाडी वापरून झिजली, तीच वापरून महाग झाली! शाळेतल्या मुलाने घसाऱ्याच्या गणिताचे असे उत्तर काढले असते तर मास्तरांनी त्याला बाकावर उभे केले असते. पण ते उत्तर बरोबर होते. घेणारा गाडीचे पैसे देत नव्हता, तो रांगेतल्या वर्षांचे पैसे देत होता. मैल किती झाले याची चौकशी होई, पण तिला फारसा अर्थ नव्हता. ज्याला पर्याय नाही, त्याने दात मोजून करायचे काय?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हा या युगाच्या अंताला आरंभ झाला. प्रारंभी मारुतीलाही रांगा आणि 'ऑन' चुकले नाहीत. पण १९९१ चे नवे धोरण आले, १९९३ साली मोटारींचा परवाना उठला, आणि पाहता पाहता नवी गाडी कोणालाही चार दिवसांत मिळू लागली. त्याबरोबर जुन्या गाडीचे वय जागे झाले. २००१ साली मारुतीने स्वतःच जुन्या गाड्या तपासून, हमी देऊन विकायला सुरुवात केली. नवी गाडी विकणारा जुनीसाठी शब्द देऊ लागला, याचे कारण अ‍ॅकरलॉफच्या निबंधात सापडते. हमी हाच शंकेवरचा उतारा होय.

आज विम्यासाठी वापरले जाणारे कोष्टक पाहावे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे सहा लाखांची गाडी पाचव्या वर्षात तीन लाखांची. प्राप्तिकराच्या हिशेबात धंद्यातली मोटार दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्क्यांनी उतरते. शंभराचे पंच्याऐंशी, पंच्याऐंशीचे सव्वाबहात्तर. या दोन्ही हिशेबांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांत किलोमीटरचा रकानाच नाही! वय कागदाने सिद्ध होते, चाल सिद्ध होत नाही. सरकारी कोष्टकात तेच बसते, जे खोटे सांगता येत नाही.

कायद्याने तर वयाला निर्णायक स्थान दिले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांची. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. दिल्लीत दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचा हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरला, आणि २०२५ साली त्याच प्रश्नाचा त्याला पुन्हा विचार करावा लागला. तसा तो करावा लागणे स्वाभाविकच होते. जपून वापरलेली पंधरा वर्षांची गाडी आणि रात्रंदिवस दामटलेली पंधरा वर्षांची गाडी यांना एकाच दिवशी निकालात काढणे सोयीचे असेल, न्यायाचे नाही.

या सगळ्या इतिहासात ज्याची बाजू कोणी मांडलेली नाही, असा एक माणूस आहे. वेळच्या वेळी तेल बदलणारा, गाडी सावलीत ठेवणारा, मीटरला हात न लावणारा मालक. रांगेच्या काळात त्याच्या निगेला भाव नव्हता, कारण वाईट गाडीही तेवढ्यालाच जाई. बाजाराच्या काळात तिला पुरा भाव नाही, कारण त्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास नाही. आणि कायद्याच्या काळात ती निगा कोणी विचारीतही नाही. पलीकडच्या बाजूला उभा आहे तो पै पै साठवून आयुष्यातली पहिली गाडी सेकंडहँड घेणारा कारकून वा शिक्षक. ओळखीचा मिस्त्री बरोबर घेऊन तो बोनेट उघडतो, बैलाचा जबडा उघडावा तसा. हे दोघेही खरे बोलतात, आणि तरीही दोघांचे नुकसान होते. वर्षे आणि मैल यांनी गाडीची किंमत उतरते ती उतरो, लोखंडाचा तो धर्मच आहे. पण त्यावर जी आणखी उतरण होते, ती लोखंडाची नसते. ती शब्दाची असते, आणि तिचे कोष्टक अजून कोणी छापलेले नाही.