अर्धं तिकीट

महामार्गावरच्या टोलनाक्यावर तुमची गाडी रांगेत तेरावी आहे. श्रावणातला सोमवार. फास्टॅग असूनही रांग हलत नाही आणि मागच्याने हॉर्नवरचा हात काढलेला नाही. कात्रजचा घाट कधी मागं पडला ते तुम्हाला कळलंच नाही, कारण तो लागलाच नाही. नव्या बोगद्यात दिव्यांचा लखलखाट. आत शिरल्यावर ओरडावंसं कुणालाही वाटत नाही. मागच्या सीटवर आई बाटलीतून घोट घोट पाणी पितेय.

मिटा डोळे. गाडी काही जागची हलत नाही.

१५ ऑगस्ट १९८३. हाही सोमवारच, श्रावणातला पहिला. तुम्ही पाचवीत आहात, त्यामुळे 'तुम्ही' वगैरे काही नाही. तू. 'अगं, हात आत घे' मधली तू.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून पांढऱ्या गणवेशातच तुला स्वारगेटला आणलंय. फ्रॉकला कागदी झेंडा टाचलेला. एसटी लाल, सीट फाटकी, खिडकीची काच एकदा खाली गेली की वर न येणारी. कंडक्टर पंच टकटकवत येतो आणि तुला रिबिनीपासून बुटांपर्यंत न्याहाळतो. "दहा पूर्ण," अण्णा म्हणतात. अर्धं तिकीट. ते तुझ्याच मुठीत राहील अशी अट घालून तू खिडकी मिळवतेस.

घाटात गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढते. जुना बोगदा आला की सगळी पोरं एकदम ओरडतात. आत मिट्ट काळोख, आणि न मिटलेल्या खिडकीतून डोंगराचं गार पाणी थेट मानेवर. बाहेर पडल्यावर सगळी मोठी माणसं हसतात. ती का हसतात हे तुला कळत नाही. पुढं खेड शिवापूर. कमरअली दरवेशांच्या दर्ग्यात मोठा गोल दगड आहे, अकरा जणांनी एकेक बोट लावून बाबांचं नाव घेतलं की तो उचलला जातो, असं अण्णा सांगतात. तू दोन्ही हातांची बोटं मोजतेस. एक कमी पडतं.

चेलाडी फाट्यावर उतरायचं. तिथून नसरापूर आणि नसरापूरवरून बनेश्वर, सगळं पायी. पाऊस आहे आणि नाही. चपलांखालचा चिखल दर पावलाला जड होतो. तो दगडावर खरवडण्यातच अर्धी सहल जाते. आईच्या पिशवीत खिचडीचा डबा आणि राजगिऱ्याचे लाडू. तुला तहान लागलीय. आई म्हणते, "एकच घोट हं." ती स्वतः सकाळपासून पाणी प्यालेली नाही. उपास फारच कडक दिसतोय.

देऊळ आधी दिसतच नाही. नुसती झाडी आणि बांबूचं बन, आणि त्यामागं कुठंतरी शिवगंगेचा आवाज. मग पायऱ्या खाली उतरतात आणि सगळं एकदम गार होतं. कुंडात मासे आहेत, कासव आहे. कासव बघायला तू इतकी वाकतेस की अण्णा रिबिनीला धरून मागं ओढतात. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं, हे ते इतिहासाच्या सरांच्या आवाजात सांगतात. तू ऐकत नाहीस, कारण तुला घंटा दिसलीय.

ती बाकीच्या देवळांतल्यासारखी नाही. अण्णा उचलून धरतात. काळपट धातू, त्यावर बोटं फिरवली की अक्षरं लागतात. इंग्रजी आकडे तुला यंदाच नीट यायला लागलेत. १, ६, ८, ३. आणि शेजारी अधिकचं चिन्ह. म्हणजे गणितच! १६८३ अधिक किती, ते मात्र लिहिलेलं नाही. म्हणून तू उलटं करतेस: १९८३ वजा १६८३. बरोबर ३००. हातचासुद्धा घ्यावा लागत नाही.

तो क्रूस आहे हे तुला कितीतरी वर्षांनी कळणार आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. अशीच एक घंटा भीमाशंकरला आहे, एक वाईजवळच्या मेणवलीला. पण आज तुझ्यापुरती ती त्या गणिताचीच घंटा. टोल दिल्यावर तिचा आवाज पोटात घुमतो. दोनदाच वाजवायची परवानगी मिळते; तू तीनदा वाजवतेस.

मागच्या गाडीचा हॉर्न. उघडा डोळे, पुढची जागा मोकळी झालीय.

आता तुम्ही पुन्हा 'तुम्ही'. टोलनंतरची वाट सांगण्यासारखी नाही. सहापदरी रस्त्यावरून सगळे एकसारखेच जातात. गंमत शेवटच्या तुकड्याची. नसरापूरपासून बनेश्वरच्या त्या जेमतेम दीड किलोमीटरचं काम पुरं व्हावं म्हणून एप्रिल २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या होत्या. ज्या वाटेवर आपण चिखल खरवडत होतो, ती वाट बातम्यांत आली, याचा तुम्हाला त्या दिवशी उगाच अभिमान वाटला होता.

वाहनतळावर शिट्ट्या, कणसांचा धूर, दर्शनाची रांग पायऱ्यांच्या वरपर्यंत. पाण्याच्या बाजूला लोखंडी कठडे आहेत. कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्या पोरांकडं पाहिलं की ते आहेत ते बरंच, असं वाटतं. शिवगंगेचा आवाज मात्र गर्दीला पुरून उरतो. गर्दीनं जागा बिघडली म्हणणं सोपं आहे, पण श्रावणी सोमवारी यायचं आणि गर्दीबद्दल कुरकुरायचं, हा तुमचाही आगाऊपणाच. खरं गेलं ते मधलं. बोगदा, फाटा, चिखल. तेव्हा बनेश्वर स्वारगेटला सुरू व्हायचं. आता ते वाहनतळावर सुरू होतं आणि अर्ध्या तासात संपतं.

हे सगळं तुम्ही आईला सांगता, जरा रंगवूनच. ती ऐकतेय की नाही कळत नाही. तिची नजर वाहनतळाच्या कडेला स्वच्छतागृहाच्या पाटीवर आहे. हातातली रिकामी बाटली ती तुमच्याकडं देते.

"तू तर किती कडक उपास करायचीस गं," तुम्ही म्हणता. "दिवसभर पाणीसुद्धा नाही."

"उपास कसला?" आई म्हणते. "सोय होती का तेव्हा इथं बाईमाणसाला?"

आणि पदर सावरत ती पाटीच्या दिशेनं निघते.