सदोष शोधक आणि सराफ्यातील कस

रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असे मानून विद्वज्जनांनी तिला बहुधा ओसरीवरच बसवून ठेवले आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तिला माजघरात घ्यावी, असे आम्हांस वाटते. सदोष माणसाच्या शोधावर किती विश्वास ठेवावा, हा तिचा प्रश्न आपलाही आहे.

पो याने १८४१ मध्ये द्युपाँ निर्माण केला, आणि १८८७ मध्ये कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स अवतरला. होम्स सर्वज्ञ अशी आपली समजूत. परंतु १८९० मधील ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीच्या आरंभी आणि अखेरीस त्याचे कोकेनचे व्यसनच उभे आहे. १९३९ मध्ये चँडलरने आणलेला खाजगी हेर फिलिप मार्लो तर मद्यपी आणि एकाकी. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे काळा पहाड व झुंजार कायद्याची फारशी पत्रास ठेवीत नाहीत. तरीही वाचक या मंडळींवर विसंबतो. कारण त्यांचे दोष लपविलेले नसतात. जो दोष ठाऊक आहे, तो हिशेबातून वजा करता येतो.

ही वजाबाकी ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात रोज चालते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. त्या लष्करातली ही पेठ. शुद्ध सोने मऊ, त्याचा दागिना टिकत नाही. म्हणून त्यात हीण मिसळावेच लागते. बावीस कॅरटात चोविसांपैकी दोन भाग हीण असते. सराफ त्यामुळे दागिना फेकून देत नाही. तो कसोटीवर घासतो, कस पाहतो आणि तेवढीच किंमत करतो.

याच पेठेत एक जुने प्रकरण निकालावाचून पडून आहे. १ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले आणि रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. शिंद्यांच्या खजिन्यातून फौजेचा पगार वाटला गेला. राणी धारातीर्थी पडली आणि शहर इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर २२ जून रोजी खजिनदार अमरचंद बांठिया यांना सराफ्यातील कडुनिंबाला फाशी दिले, अशी ग्वाल्हेरची स्मृती आहे. विजेत्यांच्या लेखी ते बंडखोरांचे साथीदार, लोकांच्या लेखी हुतात्मा. धनी निघून गेल्यावर खजिन्याची किल्ली कोणाच्या आज्ञेत असते, हा खरा प्रश्न. पण निवाडा तपासाच्या आधीच झाला.

अशा वेळी साक्षीदार कोणता घ्यावा? वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात स्वतः होते. परंतु ‘माझा प्रवास’ त्यांनी सुमारे पाव शतकानंतर आठवणींतून लिहिला. तारखा चुकल्या, ऐकीव गोष्टी पाहिलेल्यांत मिसळल्या. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी तो छापला, तेव्हा संपादकाचाही हात त्यावरून फिरला; मूळ संहिता वाचकांपुढे आली ती १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. साक्षीदार सदोष, मध्यस्थही सदोष! पण भटजी आपली भीती, कर्ज आणि दक्षिणेची आशा उघड सांगतात. त्यांचे हीण किती, ते कळते; म्हणून सोने किती, तेही कळते.

विजेत्याचा अहवाल मात्र स्वतःला चोवीस कॅरटाचा म्हणवितो, आणि लोकस्मृतीही आपल्या प्रेमापोटी तेच म्हणते. इतिहासकाराने दोहोंना त्याच काळ्या दगडावर घासावे. आणि स्वतःलाही, कारण आम्ही मराठी म्हणून शिंद्यांच्या पलायनाविषयी लिहिताना आमचाही हात किंचित थरथरतो. एवढे कबूल केल्यावरच बांठियांच्या प्रकरणाचे दप्तर पुन्हा उघडण्याचा अधिकार आम्हांस येतो.