एकशेबावीस वर्षांचे कर्ज

चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडवून घेत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कर्ज घेतलेच नसेल तरी ते फेडावे लागते काय?" वर्ग हसला. मीही प्रश्न हसण्यावारी नेला. घरी परतताना मात्र मला हैतीची आठवण झाली आणि आपण हसलो याची थोडी लाज वाटली. न घेतलेले कर्ज एका संपूर्ण राष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या फेडल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते राष्ट्र म्हणजे हैती.

दरिद्री देशांचा विषय निघाला की उष्ण हवा, वाढती प्रजा, अज्ञान आणि आळस या चार शब्दांत आपण तो आटोपतो. श्रोतेहो, ते शब्द क्षणभर बाजूला ठेवून या एका देशाची जमाखर्चाची वही आज आपण उघडून पाहू.

कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पश्चिमेकडील भाग अठराव्या शतकात फ्रेंचांच्या ताब्यात होता. सॅं-दोमिंग हे त्याचे तेव्हाचे नाव. १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे चाळीस टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी एवढ्याशा वसाहतीतून जात असे. भूमी नापीक होती असे कोणी म्हणू नये. त्या मळ्यांवर सुमारे पाच लक्ष आफ्रिकी गुलाम राबत होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बंड केले. नेपोलियनने १८०२ साली पाठविलेल्या सैन्याचाही अखेर पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून स्थापिलेले हे राज्य आजूबाजूच्या गुलामधारी राष्ट्रांच्या डोळ्यांत खुपणारच होते. शेजारच्या अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १८६२ साली, म्हणजे लिंकनच्या कारकिर्दीत.

फ्रान्सने मान्यता दिली, पण ती विकत दिली. १८२५ च्या जुलै महिन्यात राजा दहावा चार्ल्स याचा हुकूम घेऊन बॅरन माको नावाचा अधिकारी हैतीस आला. त्याच्या पाठीशी चौदा युद्धनौका आणि सुमारे पाचशे तोफा होत्या. वसाहतवाल्यांचे मळे गेले म्हणून पंधरा कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावेत, शिवाय फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, अशी मागणी होती. राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी ती मान्य केली. मळ्यांच्या किमतीत त्यांवरील गुलामांचीही किंमत धरलेली होती. म्हणजे ज्यांनी बेड्या तोडल्या त्यांनीच आपल्या देहाचे मोल जुन्या धन्यास चुकते करावयाचे! तुलना म्हणून सांगतो, याच फ्रान्सने १८०३ साली लुइझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेस आठ कोटी फ्रँकला विकला होता.

पहिलाच हप्ता तीन कोटींचा होता. एवढे हैती सरकारचे वार्षिक उत्पन्नही नव्हते. मग पॅरिसच्याच सावकारी पेढ्यांकडून तीन कोटींचे कर्ज काढण्यात आले. सावकारांनी एक पंचमांश रक्कम आधीच कापून घेतली. हाती आले दोन कोटी चाळीस लक्ष, व्याज मात्र पुऱ्या तीन कोटींवर. उरलेल्या रकमेसाठी खजिना खरवडावा लागला. खंडणी एक आणि ती भरण्यासाठी काढलेले कर्ज दुसरे, म्हणून इतिहासकार याला ‘दुहेरी कर्ज’ म्हणतात. १८३८ साली उरलेली भरपाई सहा कोटींवर आणून तीस वर्षांची मुदत देण्यात आली, तेव्हा कोठे थोडा श्वास मिळाला.

हा पैसा आला कोठून? मुख्यतः कॉफीतून. मोठे मळे मोडल्यावर शेतकरी डोंगरउतारावरील आपल्या तुकड्यांत कॉफी लावीत. ती बंदरातून बाहेर जाताना तिच्यावर निर्यात कर बसे. व्यापारी तो कर स्वतः सोसत नसे, खरेदीचा भाव तेवढा खाली आणी. भाव ठरे युरोपात, कर ठरे राजधानीत आणि दोहोंचा भार पडे टेकडीवरच्या माणसावर. १८२६ च्या ग्रामीण कायद्याने ब्वाये यांनी शेतमजुरास जमिनीशी जखडण्याचा प्रयत्नही केला. त्या करातून ना त्याच्या गावी रस्ता झाला, ना शाळा. पुढे १८६० साली पोपशी करार झाला आणि १८६४ पासून फ्रान्सहून आलेल्या धर्मबंधूंनी तेथे शाळा काढल्या. मी स्वतः ख्रिस्ती शिक्षक असल्याने त्यांच्या कार्याविषयी मला आदर आहे. पण त्याच फ्रान्सला गेलेल्या पैशात किती शाळा उभ्या राहिल्या असत्या, हा हिशेब मनातून जात नाही.

एक कर्ज फेडण्यास दुसरे, हा क्रम पुढेही चालला. १८८० साली स्थापन झालेली हैतीची ‘राष्ट्रीय बँक’ नावाचीच राष्ट्रीय होती. तिची सूत्रे पॅरिसमध्ये होती. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी तिच्यातील पाच लक्ष डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. १९१५ ते १९३४ पर्यंत तर देशच अमेरिकेच्या ताब्यात होता. या काळात जुनी कर्जे न्यूयॉर्कच्या एका बँकेकडे गेली आणि त्या मालिकेतील शेवटची रक्कम चुकती झाली १९४७ साली.

सारा दोष परक्यांचा, असे मी म्हणणार नाही. हैतीच्या सत्ताधाऱ्यांनी सैन्यावर उधळपट्टी केली, तिजोरीवर हात मारला. १९५७ ते १९८६ पर्यंतच्या द्युवालिए पितापुत्रांच्या राजवटीने तर देश नागवला. पण बियाणेच सावकाराकडे गेलेल्या शेतकऱ्याला ‘तू पेरलेस का नाहीस’ असे विचारणे कितपत न्याय्य आहे? आपल्याकडे दादाभाई नौरोजी, जे काही काळ बडोद्यास दिवाणही होते, हेच सांगत आले होते: देशातून वर्षानुवर्षे बाहेर जाणाऱ्या द्रव्यामागे मोबदला येत नसेल, तर भांडवल साठणार कसे?

२००३ साली राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे एकवीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. पुढल्याच फेब्रुवारीत बंडाळीत त्यांना देश सोडावा लागला आणि मागणी बारगळली. १८२५ च्या हुकुमाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी या प्रकरणाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमत असल्याचे जाहीर केले. परतफेडीचे आश्वासन मात्र त्यांनी दिले नाही.