धक्काशोषक (मोटारगाडी)

धक्काशोषक किंवा शॉक ॲब्सॉर्बर हा मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील, स्प्रिंगची आंदोलने शमवणारा घटक आहे. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये त्यास 'शॉकअप' किंवा 'जंपर' असेही म्हणतात. रस्त्याचा धक्का प्रथम टायर व स्प्रिंग झेलतात. त्यानंतर गाडी वरखाली हिंदकळत राहू नये आणि चाक रस्त्याला टेकलेले राहावे, हे काम धक्काशोषकाचे असते. जुन्या गाडीचे धक्काशोषक बदलताना गाडीचे वजन, स्प्रिंगचा ताठपणा, जोडणीची मापे आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ घालावा लागतो. सर्वांत कठीण किंवा सर्वांत महाग धक्काशोषक हा सर्वांत योग्य असतोच असे नाही.

## संज्ञा

'धक्काशोषक' हे नाव रूढ असले तरी ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. धक्का मुख्यतः स्प्रिंग शोषून घेते; हा घटक आंदोलनांतील ऊर्जा काढून घेतो. या क्रियेस भौतिकशास्त्रात अवमंदन म्हणतात. गाडीचा भार पेलणे हेही धक्काशोषकाचे काम नव्हे. तो भार कॉइल स्प्रिंग, पाटा-स्प्रिंग किंवा टॉर्शन बार पेलतात. त्यामुळे स्प्रिंग बसल्याने खाली आलेली जुनी गाडी केवळ नवे धक्काशोषक लावून पूर्ववत उंच होत नाही.

## कार्य

प्रवासी गाडीचा सांगाडा त्याच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारणपणे एक ते दीड वेळा वरखाली होतो. अवमंदन नसेल तर एका खड्ड्यानंतर ही हालचाल बराच वेळ चालू राहील. धक्काशोषकात तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या सरकतो. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून व झडपांतून तेलाला वाट काढावी लागते, त्यामुळे विरोध निर्माण होतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चाललेल्या गाडीचे धक्काशोषक हाताला गरम लागतात ते यामुळेच.

आकुंचनापेक्षा प्रसरणाच्या वेळी विरोध अधिक ठेवण्याची पद्धत आहे. चाक उंचवट्यावर चढताना धक्का सांगाड्यापर्यंत कमी पोहोचावा आणि दाबलेली स्प्रिंग परत उसळताना आवरली जावी, हा त्यामागील हेतू असतो.

आंदोलन अजिबात होऊ न देणाऱ्या किमान अवमंदनाला क्रांतिक अवमंदन म्हणतात. प्रवासी गाडीत त्याच्या साधारण २० ते ४० टक्के अवमंदन ठेवले जाते. क्रांतिक अवमंदन हे स्प्रिंगचा ताठपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ, वस्तुमान तेच ठेवून स्प्रिंगचा ताठपणा २१ टक्क्यांनी वाढवला, तर तेवढाच परिणाम राखण्यासाठी अवमंदन १० टक्क्यांनी वाढवावे लागते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : धक्काशोषक नेहमी स्प्रिंगच्या जोडीने निवडावा लागतो, आणि मूळ स्प्रिंगवर फार कठीण धक्काशोषक बसवल्यास गाडी स्थिर होण्याऐवजी लहान उंचवट्यांवर आदळू लागते व चाकाची रस्त्यावरील पकड कमी होते.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींत चकत्यांच्या घर्षणावर चालणारे धक्काशोषक वापरले जात. त्याच काळात फ्रान्समधील मॉरिस हूदाय यांनी तेलावर चालणारा, दांडीने फिरणारा धक्काशोषक तयार केला. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे क्लॉड फॉस्टर यांनी 'स्नबर' नावाचे, उसळी आवरणारे साधन विक्रीस आणले. त्यांची कंपनी पूर्वी मोटारींचे भोंगे बनवत असे आणि देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून भोंग्याला दिलेले 'गॅब्रिएल' हे नाव पुढे धक्काशोषकांनाही चिकटले. नंतरच्या काळात नळीच्या आकाराचे, म्हणजे दुर्बिणीप्रमाणे आत-बाहेर सरकणारे धक्काशोषक सर्वत्र रूढ झाले. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांच्या संशोधनावर आधारलेला एकनलिका वायुदाब धक्काशोषक जर्मनीतील बिल्स्टाइन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाड्यांसाठी नियमित उत्पादनात आणला.

भारतात गॅब्रिएल इंडिया या कंपनीची स्थापना १९६१ मध्ये झाली. तिचा पहिला कारखाना मुंबईतील मुलुंड येथे होता. पुढे नाशिक व चाकण येथेही तिचे कारखाने सुरू झाले. नाशिक येथे महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा वाहन कारखाना असून बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या.

## प्रकार

* द्विनलिका, तेलाचा – एका नळीत दुसरी नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या आणि बाहेरच्या नळीत तेलाचा साठा व थोडी हवा असते. हा स्वस्त व मऊ असतो. सलग खडबडीत रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि अवमंदन तात्पुरते कमी पडते.
* द्विनलिका, वायुयुक्त – रचना वरीलप्रमाणेच. हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन असतो. फेस होण्याचे प्रमाण घटते.
* एकनलिका – एकाच नळीत तेल आणि सुमारे २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन तरंगत्या दट्ट्याने विभागलेले असतात. उष्णता लवकर बाहेर पडते. याची बाहेरची नळी हीच कार्यनलिका असल्याने दगड लागून पोचा पडल्यास तो निकामी होऊ शकतो.
* समायोज्य – स्क्रू किंवा गुंडी फिरवून अवमंदन कमी-जास्त करता येते. स्प्रिंग बदललेल्या किंवा स्पर्धेच्या गाड्यांत उपयोगी. नेहमीच्या गाडीत त्याची गरज क्वचितच भासते.

जोडणीच्या दृष्टीने स्ट्रट हा वेगळा गट आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये धक्काशोषक हा चाकाला जागेवर धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचाच भाग असतो. मारुती ८०० च्या पुढील चाकांना ही रचना होती. याउलट कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत पुढे कॉइल स्प्रिंग व मागे पाटा-स्प्रिंग असून धक्काशोषक स्वतंत्र होते. बोलेरोच्या मागील बाजूसही पाटा-स्प्रिंग आहे. पाट्यांच्या एकमेकांवरील घर्षणाने थोडे अवमंदन आपोआप होते; मात्र पाटे गंजल्यास हेच घर्षण वाढून गाडी कडक लागते आणि त्याचा दोष धक्काशोषकाला दिला जातो.

## झीज ओळखणे

धक्काशोषकाची झीज हळूहळू होत असल्याने चालकाला तिची सवय होते. गाडी कोपऱ्यावर दाबून सोडण्याची चाचणी सर्वपरिचित आहे. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, वारंवार हिंदकळली तर धक्काशोषक संपला, असे मानतात. ही चाचणी पूर्ण निकामी झालेला धक्काशोषक दाखवते. अर्धवट झीज तिच्यात लपून राहते. जुन्या गाडीत अनेक भाग एकाच वेळी झिजलेले असतात, म्हणून लक्षणावरून थेट निष्कर्ष न काढता पुढील शक्यता तपासल्या जातात.

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| नळीवर तेलाचा पातळ, धुळकट थर | बहुधा सामान्य. पुसून पुन्हा पाहावे |
| तेलाचे ओघळ | सील फुटले आहे. धक्काशोषक बदलावा |
| टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज | कमजोर धक्काशोषक किंवा चाकाचे असंतुलन |
| खड्ड्यात 'खट्' असा आवाज | बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंटिंग किंवा बॉल जॉइंट |
| गाडी एका बाजूस झुकलेली | बसलेली किंवा तुटलेली स्प्रिंग |
| ब्रेक लावताच नाक खाली जाणे | कमजोर पुढील धक्काशोषक |

कमजोर धक्काशोषकामुळे खडबडीत रस्त्यावर चाक क्षणोक्षणी उचलले जाते. उचललेल्या चाकाला ब्रेकचा उपयोग होत नाही आणि त्यामुळे गाडी थांबण्याचे अंतर वाढते. म्हणूनच हा केवळ आरामाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न मानला जातो.

## बदली धक्काशोषकाची निवड

### मापे व जोडणी

उत्पादकाचा भाग क्रमांक हा निवडीचा पहिला आधार असतो. एकाच नावाच्या गाडीच्या डिझेल व पेट्रोल आवृत्तीत इंजिनाच्या वजनामुळे पुढील धक्काशोषक वेगळे असू शकतात. वर्षागणिकही बदल झालेले असतात. भाग क्रमांक उपलब्ध नसल्यास पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, नळीचा व्यास आणि दोन्ही टोकांची जोडणी ही मापे जुळवली जातात. लांबी जास्त असल्यास मोठ्या खड्ड्यात धक्काशोषक तळाला आदळून तुटतो. कमी असल्यास चाक खाली जाताना तो ताणला जातो. 'बसतो' म्हणजे 'जुळतो' असे नव्हे, कारण सारख्या मापाच्या दोन धक्काशोषकांतील झडपांची मांडणी पूर्णपणे वेगळी असू शकते.

### वापर

गाडी कोठे व कशी चालते यावर प्रकार ठरतो. नाशिकमधील पंचवटी हे याचे चांगले उदाहरण आहे. रामकुंड व काळाराम मंदिर परिसरातील अरुंद, गर्दीच्या रस्त्यांवर वेग कमी असतो. अशा वापराला मूळ मापाचा द्विनलिका धक्काशोषक पुरेसा ठरतो. पंचवटीतूनच निघणारा दिंडोरी रस्ता पुढे वणी व नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडाच्या घाटाकडे, तर पेठ रस्ता सावळ घाटातून गुजरातच्या दिशेने जातो. माणसे व सामान भरून अशा मार्गांवर सतत जाणाऱ्या गाडीत वळणांवरील झुकाव आणि तेल तापणे या बाबी महत्त्वाच्या ठरतात. तेथे वायुयुक्त धक्काशोषकाचा फायदा जाणवतो. आडगावमार्गे पिंपळगाव बसवंत व चांदवडकडे जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गावर वेग अधिक असल्याने प्रसरणाच्या वेळचे चांगले नियंत्रण उपयोगी पडते. तीनही प्रकारचा वापर होत असल्यास उत्पादकाने ठरवलेले मूळ अवमंदन हाच सामान्यतः सुवर्णमध्य असतो.

### जोडीने बदल

एकाच ॲक्सलवरील डावा व उजवा धक्काशोषक एकत्र बदलला जातो. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस झिजलेला असल्यास वळणावर आणि जोरात ब्रेक लावल्यावर गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. खर्चाची मर्यादा असेल तर चारही ठिकाणी हलक्या प्रतीचे भाग घालण्यापेक्षा जास्त झिजलेल्या ॲक्सलवर चांगल्या प्रतीची जोडी बसवणे श्रेयस्कर ठरते.

### दुरुस्त केलेले व जुन्या साठ्यातील भाग

बंद नळी कापून किंवा छिद्र पाडून, तेल भरून पुन्हा जोडलेले धक्काशोषक स्वस्तात मिळतात. तेलाची दाटपणाची पातळी मूळची नसल्यास अवमंदन बदलते आणि झिजलेल्या झडपा तशाच राहतात. दुरुस्तीसाठीच उघडता येतील अशी रचना असलेले काही धक्काशोषक याला अपवाद आहेत. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी न वापरलेला जुना साठा मिळाल्यास सील व रबरी बुश कडक झाले आहेत का, हे पाहावे लागते. वेष्टन, भाग क्रमांक व पक्के बिल यांवरून बनावट भाग ओळखण्यास मदत होते.

## बसवताना घ्यावयाची काळजी

* स्ट्रटवरील दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्राणघातक इजा करू शकेल एवढी ऊर्जा असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचे नट सोडले जात नाही.
* द्विनलिका धक्काशोषक आडवा ठेवलेला असल्यास उभा धरून काही वेळा दाबून-उघडून आतील हवा वर काढली जाते.
* चकचकीत दांडी पकडीने धरल्यास ओरखडे पडतात व सील लवकर फाटते.
* रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट केले जातात. अन्यथा बुश कायमचे पिळलेले राहते.
* बंप स्टॉप, धूळरोधक आवरण व माउंटिंग खराब असल्यास त्याच वेळी बदलले जातात.
* स्ट्रट बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट तपासले जाते.
* वायुयुक्त धक्काशोषक तापवू किंवा कापू नये.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणीअंती ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. जुन्या गाडीच्या मालकाला सस्पेन्शनची स्थिती पाहण्यासाठी ही तपासणी एक नियमित निमित्त ठरते. याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत. मूळ मापाचा धक्काशोषक लावणे ही दुरुस्ती होय. गाडीची उंची बदलणारे स्प्रिंग व धक्काशोषक बसवणे मात्र फेरबदलाच्या कक्षेत येऊ शकते.

## हे सुद्धा पहा

* स्प्रिंग
* अवमंदन
* टायर
* नाशिक
* पंचवटी