नगरच्या वाटेवरचे टपाल आणि पोचेचा पुरावा

अहिल्यानगर शहरातल्या किंवा सुपे, नागापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कचेरीतून निविदा, करारपत्र किंवा धनादेश बाहेरगावी पाठवायचा असला की पहिली विचारणा वेगाची होते आणि दुसरी दराची. दोन्ही रास्त आहेत. पण या मुलखातून आणि त्याच्या शेजारून गेलेल्या टपालाच्या वाटांचा सहा-सातशे वर्षांचा इतिहास तपासला, तर विश्वासाची कसोटी तिसरीच निघते. पाकीट कुणी घेतले, कुणाच्या हाती दिले आणि त्याची नोंद कुठे आहे, हे जो सांगू शकतो त्याच्यावर भरवसा ठेवावा. वेग त्यानंतरचा.

वेगाचे कौतुक करायचे तर तो इथे फार पूर्वीपासून होता. मुहंमद तुघलकाच्या काळात दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे नगरच्या शेजारच्या मुलखात, राजधानी आली. त्या राज्यातली पायी टपालाची रीत प्रवासी इब्न बतूताने तपशिलाने नोंदवली आहे. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शावर ठाणे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी, तिच्या टोकाला तांब्याची घुंगरे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या ठाण्यावरचा माणूस कंबर कसून उभा राही. हे टपाल घोड्याच्या टपालापेक्षाही लवकर पोहोचे, असे तो लिहितो. पण ही सारी यंत्रणा सुलतानाच्या कामाची. घुंगरांचा उपयोग हाताबदल चुकू नये एवढ्यापुरता होता. पत्र पोहोचले नाही तर व्यापाऱ्याने जाब कुणाला विचारावा, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

पेशवाईत तो उद्भवला आणि त्याचे उत्तरही शोधले गेले. पुण्याहून शिरूर, नगर, टोके करून औरंगाबादेकडे जाणारी वाट जासूद आणि सांडणीस्वारांच्या नित्याची होती. महत्त्वाचे पत्र एकट्याच्या हाती न देता जासुदांच्या जोडीकडे देत. जोडी अजुऱ्यावर, म्हणजे मजुरीवर, ठरवली तर किती दिवसांत पोहोचायचे याची बोली आधीच होई. सावकारांची स्वतःची काशिदांची, म्हणजे पत्रवाहकांची, यंत्रणा तर कित्येकदा सरकारी जासुदांच्या पुढे धावे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना सर्वांत आधी कळली ती अशाच एका सावकारी पत्रातून. काशीद नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याच्या बोलीने निघाला होता, असे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. पेशवे उत्तरेकडे निघालेले असताना तो वाटेत सापडला, पत्र फोडले गेले आणि मोती, मोहरा, चांदी-तांब्याच्या हिशेबाच्या आडून सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि हजारो माणसे गेल्याचे उघड झाले.

हा प्रसंग खाजगी सेवेच्या वेगाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो पाठवणाऱ्याच्या बाजूनेही वाचावासा वाटतो. पत्र पेशव्यांच्या नावचे नव्हते. ज्याच्यासाठी लिहिले त्याच्याआधी ते दुसऱ्यानेच वाचले. सावकाराने मजकूर सांकेतिक ठेवला होता, कारण वाटेत पत्र फुटू शकते हे तो धरून चालला होता. म्हणजे ज्या सेवेचा वेग आपण वाखाणतो, तिच्या गुप्ततेवर तिच्याच गिऱ्हाइकाचा भरवसा नव्हता.

पत्र पोहोचले की नाही, या प्रश्नाला दफ्तराने नोंदीने उत्तर दिले. मराठी पत्रांवर ‘बार सूद’ असा शेरा सापडतो, तो पत्र दफ्तरी नोंदून रवाना झाल्याचा. उत्तर लिहिणाराही आधी तुमचे अमुक तारखेचे पत्र पावले असे कळवून त्यातला आशय थोडक्यात पुन्हा मांडी. कुणाला हा निव्वळ शिष्टाचार वाटेल. माझ्या मते ती पोच होती. मधले एखादे पत्र गहाळ झाले तर याच ओळीवरून ते कळे. सरकारी कचेऱ्यांतली बारनिशी आणि जावक नोंदवही हेच काम आजही करते: जावक क्रमांक, दिनांक, कुणाकडे, विषय, कशाने पाठवले, शेरा.

इंग्रजी अमलात १८३७ च्या कायद्याने पत्रवाहतूक सरकारचा मक्ता झाली. १८५४ मध्ये अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर आला. दुष्काळी काम म्हणून रेटलेली दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि नगरचे टपाल गाडीवर चढले. कचेऱ्यांच्या दृष्टीने मात्र याहून मोठी गोष्ट म्हणजे रजिस्टर पत्र आणि सहीनिशी परत येणारी पोचपावती. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ ने योग्य पत्ता व पुरेसे टपालमूल्य असलेले रजिस्टर पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचले असे धरले.

यावर कुणी म्हणेल की हे टपालखात्याचे फाजील कौतुक आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने तर पत्र हरवल्याची जबाबदारीच खात्यावरून जवळजवळ काढून टाकली होती. आक्षेप खरा आहे. नोंद म्हणजे भरपाई नव्हे. पण खाजगी कुरिअरचा आधारही समजतो तितका भक्कम नसतो. पावतीवर भरपाईची मर्यादा छापलेली असते, आणि सही करून स्वीकारलेली अशी मर्यादा बंधनकारक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात म्हटले. म्हणून वार्षिक करार करण्याआधी दरपत्रकाइतकीच ती बारीक अक्षरे वाचायला हवीत.

दुसरा आक्षेप आजचा: मोबाइलवर पाकिटाचा ठावठिकाणा दिसतो, मग वेगळी पोच कशाला? कारण पडद्यावरचे ‘पोहोचले’ हे वाहकाचेच म्हणणे असते. नगरच्या काउंटरवर दिलेले पाकीट फ्रँचायझी, मोठ्या शहरातले गोदाम आणि शेवटी तालुक्याचा पोऱ्या असे हात बदलते. अकोले किंवा जामखेडला ते शेजारच्या दुकानात ठेवले तरी नोंद तीच पडू शकते. घेणाऱ्याचे नाव, सही, शिक्का आणि वेळ असलेली प्रत जी सेवा मागताक्षणी देते, ती दोन रुपये महाग असली तरी परवडते. न्यायालयही वाटेल ते कुरिअर चालवून घेत नाही: दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून समन्ससाठी कुरिअर चालते, पण न्यायालयाने मान्य केलेले.

टपालखात्याकडे जाणाऱ्यांनीही आता जुन्या सवयीवर विसंबू नये. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. ज्याच्या नावचे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्याच हाती देण्याची हमी हवी असेल, तर स्पीड पोस्ट करताना नोंदणीची जादा सेवा खिडकीवर वेगळी मागावी लागते, आणि जावक नोंदवहीच्या शेऱ्यातही तसे लिहून ठेवावे लागते.