धोकटीतला खडा

न्हाव्याच्या धोकटीत येण्याआधी तुरटीने रंगाऱ्याच्या हौदात शतकानुशतकं काढली. मंजिष्ठेचा लाल रंग सुताला नुसता लावला तर धुण्यात निघून जातो. सूत आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं की तो धरून राहतो. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात तुरटीची ओळख अशीच करून दिली आहे: सौराष्ट्राच्या मातीत सापडणारी आणि कापडावर मंजिष्ठेचा रंग बांधून ठेवणारी. तिच्या गुणांमध्ये जखम भरून आणणं हाही गुण तिथे नोंदवला आहे. म्हणजे रंगारी आणि वैद्य या दोघांनाही ती हवी होती.

युरोपात तर कापडापायी तिचं राजकारण झालं. 1453मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि आशिया मायनरच्या तुरटीच्या खाणींवर ऑटोमनांचा ताबा पक्का झाला. काही वर्षांतच जोव्हान्नी दा कास्त्रो याला रोमजवळच्या तोल्फाच्या डोंगरात तुरटीचा दगड सापडला. त्याने पूर्वी कॉन्स्टँटिनोपलला कापडरंगाईचा व्यवसाय केला होता. आशियातल्या तुरटीच्या डोंगरांवर दिसणारं झुडूप त्याने इथेही पाहिलं आणि त्यावरूनच शोध घेतला. पोप पायस दुसरा याला ही बातमी त्याने तुर्कांवरचा विजय म्हणूनच सांगितली.

दाढीशी तिची गाठ कधी पडली याची अशी ठळक तारीख नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तुरटीवर्गातल्या क्षारांबद्दल, त्यांच्या औषधी उपयोगांसह, भरपूर लिहितो. पण न्हाव्याकडे कापलं तर रक्त थांबवायला सांगतो ते कोळ्याचं जाळं. खडा मात्र धोकटीसाठी जणू घडवलेलाच होता: स्वस्त, न नासणारा, वर्षानुवर्षं पुरणारा. ओल्या गालावरून फिरवला की तुरटीतलं ॲल्युमिनियम रक्तातल्या आणि त्वचेवरच्या प्रथिनांना धरतं, ती साकळतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लहानसा काप मिटतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण गोळा होऊन तळाशी बसतात, तेही याच ॲल्युमिनियममुळे. तुरटी आम्लधर्मी असल्याने जंतूंची वाढही थोडी रोखली जाते. म्हणून कापावर ती खरोखर गुणकारी आहे, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

पण दाढीनंतरची आग, लाली आणि पुरळ हे वेगळं दुखणं. ते पातं टेकण्याआधीच ठरतं. कोरड्या केसावर पातं अडतं, केस ओढला जातो, हात जोर लावतो आणि केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजलेला केस फुगतो, मऊ होतो, आणि मग बराच कमी जोर पुरतो. जुने न्हावी गाल पाण्याने चोळत बसत, त्यात हे सगळं शहाणपण होतं. संत सेना न्हाव्यांच्या हजामतीवरच्या प्रसिद्ध अभंगात आरसा येतो, चिमटा येतो, डोईवर पाणी घोळणंही येतं. तुरटी येत नाही. कारागिराने आपलं काम मोजताना पाण्याला स्थान दिलं, हे फार मोलाचं वाटतं.

1769मध्ये पॅरिसचा चाकू-कात्र्यांचा कारागीर झां-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं पुस्तक काढलं. विसाव्या शतकाच्या आरंभी जिलेटचं बदलतं पातं आलं, दाढी घरातल्या बेसिनपाशी पोचली आणि घाईही तिथे शिरली. भिजवण्याचा वेळ सर्वांत आधी कापला गेला.

कुरळ्या केसांच्या माणसांचे हाल सर्वाधिक. 1956मध्ये स्ट्राउस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी त्यांच्या दुखण्याचं नीट वर्णन केलं. फार जवळून, तिरका कापलेला टोकदार केस वाढताना वळतो आणि पुन्हा कातडीत घुसतो. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं आणि फोड उठतो. अमेरिकी सैन्यात, रोज गुळगुळीत दाढीची सक्ती असलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका होता की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढीची सूट द्यावी लागली. अशा फोडावर कितीही तुरटी घासा, आतला केस बाहेर येत नाही. कातडी न ताणता सुलट्या हाताने दाढी करणं, उलटा हात टाळणं किंवा मशीनने मिलिमीटरभर केस राखणं, हेच उपयोगी पडतं. आधीच कोरड्या, सोललेल्या गालावर तुरटी सुकू दिली तर आग वाढते. ती धुऊन टाकून साधं मॉइश्चरायझर लावलेलं बरं.

सलूनमधल्या खड्याची आणखी एक बाजू आहे. एकाच्या गालाचं रक्त टिपून तोच खडा पुढच्याच्या गालावर जातो. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि तुरटी त्याला मारेल असा भरवसा धरता येत नाही. पातं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावणारी दुकानं आता सर्रास दिसतात. खड्याकडे मात्र लक्ष जात नाही. उपाय सोपा आहे. तुरटी पाण्यात सहज विरघळते, तेव्हा तिचं पाणी बाटलीतून फवारता येतं. नाहीतर किराणा दुकानातून पाच-दहा रुपयांचा खडा घेऊन तो स्वतःच्याच खिशात न्यावा.