वारा आत येऊ द्यावा की नको?

दोन झाडांच्या मध्ये हॅमॉक बांधून जंगलात रात्र काढायची हौस आता आपल्याकडच्या तरुण मंडळींनाही लागली आहे. माझा नातू त्यातलाच. तंबूचं ओझं नको, ओल्या जमिनीला पाठ टेकायला नको, हे त्याचं म्हणणं मला पटतं. (आपण लहानपणी साडीच्या झोळीत झोपलोच होतो की, फक्त तेव्हा दोरी आईच्या हातात होती.) पण ही मुलं एका गोष्टीवरून तासन् तास वाद घालतात. हॅमॉकवर काय चढवायचं? वारा अडवणारं पातळ कापडी आवरण, की मच्छरदाणी? दोन्ही न्यावीत तर पाठीवरचं वजन वाढतं.

हे ऐकताना माझ्यातल्या इतिहासाच्या बाईंचे कान टवकारले. कारण वारा अडवायचा की डास, हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून स्वतःला विचारलेला आहे, आणि त्याचं चुकीचं उत्तर धरून बसल्यामुळे कित्येक पिढ्या तापाने फणफणल्या आहेत.

आधी दोन्हींचं काम समजून घेऊ. हॅमॉक अधांतरी असतो, म्हणून वारा वरून, खालून, सगळीकडून लागतो आणि अंगातली ऊब पळवतो. कापडी आवरण आतली हवा स्थिर ठेवतं, त्यामुळे ऊब टिकते. पण आपल्या श्वासातली वाफही आतच राहते आणि थंडीत पहाटे तिचं पाणी होऊन अंगावर ठिबकतं. मच्छरदाणीचं उलट. वारा आरपार जातो, डास बाहेर राहतो, ऊब मात्र मिळत नाही. आणखी एक गंमत म्हणजे अंगाखाली ताणून बसलेल्या पातळ कापडातून डास खालूनही डसतो. म्हणून हॅमॉकची चांगली मच्छरदाणी वरून नुसती पांघरायची नसते, ती हॅमॉकला चहूबाजूंनी पोटात घेते.

आता हिरोडोटसकडे वळू या. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार इजिप्तबद्दल लिहिताना डासांचाही उल्लेख करतो. दलदलीपासून वर राहणारे लोक म्हणे उंच मनोऱ्यांवर चढून झोपत, कारण तिथल्या वाऱ्यामुळे डासांना वर उडता येत नसे. दलदलीतल्या लोकांकडे मनोरे नव्हते. ते दिवसा ज्या जाळ्याने मासे धरत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून आत शिरत. पुढे तो सांगतो की अंगावर कापड लपेटून झोपलं तर डास त्यातून चावतात, पण जाळ्यातून चावायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. वारा, कापड आणि जाळी, तिन्ही आले की नाही? मासे धरायच्या जाळ्याची भोकं डासाला कशी अडवतील, असं माझ्या वर्गातल्या एखाद्या पोराने नक्की विचारलं असतं. हिरोडोटस त्याचं उत्तर देत नाही.

हॅमॉक मात्र इजिप्तचा नाही, अमेरिकेचा. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक सुती जाळ्यांसारख्या झुलत्या बिछान्यांत झोपताना त्याला दिसले. 'हमाका' हा शब्द तिथल्या ताइनो लोकांचा. युरोपच्या खलाशांनी ही वस्तू उचलली आणि इंग्रजी आरमारात एकेका माणसाला हॅमॉक टांगायला जेमतेम चौदा इंच रुंदीची जागा मिळे. भर समुद्रात डासांचा प्रश्न फारसा नव्हता. तो जमिनीवर, नदीकाठी होता, आणि तिथले मूळचे रहिवासी हॅमॉकखाली लहानशी शेकोटी पेटती ठेवत. तिच्याने ऊबही मिळे आणि धूरही. एका काडीत दोन्ही प्रश्न सुटले असं म्हणायला हरकत नाही, डोळे चुरचुरत असतील तेवढे सोडा.

१८०० साली जर्मन शास्त्रज्ञ हंबोल्ट आणि त्याचा फ्रेंच सोबती बोंप्लाँ दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीतून होडीने गेले. हंबोल्टने लिहून ठेवलंय की तिथे सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांना रात्री डासांचा त्रास कितपत झाला तेच विचारत, आपण 'झोप लागली का?' विचारतो तसं. धबधब्यांजवळच्या एका गावातले लोक रात्री घर सोडून प्रवाहातल्या खडकाळ बेटांवर झोपायला जात. तिथे डास कमी असत. दुसरी तऱ्हा भट्टीसारख्या खोल्यांची. खिडकी नाही, सरपटत आत शिरायचं, ओल्या काटक्यांच्या धुराने डास हाकलायचे आणि तोंड बंद करून आत उकडत बसायचं. बोंप्लाँने गोळा केलेल्या वनस्पती अशाच खोलीत बसून वाळवल्या. म्हणजे डास टाळायला हवाही बंद! माणूस किती टोकाला जातो ते यावरून कळावं.

पण त्या काळी डास म्हणजे नुसती कटकट समजत, आजार नव्हे. हिवताप येतो तो वाईट हवेने, अशी पक्की समजूत होती. मलेरिया या शब्दाचा इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा'. दलदलीतून रात्री विषारी वाफा उठतात आणि वाऱ्याबरोबर घरात शिरतात, तेव्हा दिवेलागणीला खिडक्या लावून घ्या, हा शहाण्यांचा सल्ला. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. माझी आजी दिवेलागणीनंतर खिडकी उघडी दिसली की ओरडायची, 'वारं बाधेल!' कानात कापूस, डोक्याला रुमाल, वर गोधडी. आणि पडवीत पाण्याचे उघडे रांजण भरलेले! आजीला हसू नका हं. युरोपातले मोठमोठे डॉक्टरही तेच सांगत होते. सगळं जग वाऱ्याला आवरण घालत बसलं होतं.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला, हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटात त्या तापाचे जंतू दिसले. (रॉसचा जन्मही आपल्याच देशातला, अलमोड्याचा.) पुढच्या वर्षी त्याने कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचं सगळं चक्र उलगडलं, आणि इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत ॲनॉफिलिस डासाचा गुन्हा शाबीत केला. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं. हे आपण शाळेत शिकतो. पण सामान्य माणसाला सूक्ष्मदर्शकाने पटत नाही. मग हवा दोषी की डास, याचा निकाल त्याच्यापुढे कसा लावायचा?

१९०० साली लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी तो लावून दाखवला, आणि या सगळ्या कथेतला हा भाग मला सर्वांत आवडतो. रोमजवळ ऑस्तियाच्या परिसरात हिवतापाने बदनाम झालेला दलदलीचा प्रदेश होता. तिथे इंग्लंडहून नेलेली एक लाकडी झोपडी उभारली, दारं-खिडक्यांना तारेची जाळी बसवली. डॉ. सँबन आणि डॉ. लो हे दोन डॉक्टर, तेर्झी नावाचा चित्रकार आणि नोकरमाणसं ऐन तापाच्या मोसमात, जुलै ते ऑक्टोबर, तिथे राहिली. दिवसभर हिंडत, पण सूर्य मावळायच्या आत घरात येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. क्विनाइन घ्यायचं नाही. आणि खिडक्या रात्रभर सताड उघड्या! दलदलीवरून येणारा तो कुप्रसिद्ध रात्रवारा जाळीतून आत येत होता, ती माणसं तो छातीभर घेत होती. आजूबाजूची माणसं तापाने पडत असताना त्यांतल्या कुणालाच हिवताप झाला नाही.

दुसरी बाजूही तपासली गेली. रोममधून रोगी डास लंडनला पाठवले, जिथे ती 'वाईट हवा' नव्हतीच. मॅन्सन यांच्या तरुण मुलाने ते स्वतःला चावून घेतले आणि त्याला हिवताप आला. तो क्विनाइनने बरा झाला. बापाने पोटच्या पोराला असं पणाला लावावं का, यावर मी आई म्हणून बरंच काही बोलेन. शिक्षिका म्हणून मात्र इतका स्वच्छ पुरावा मी क्वचित पाहिलाय.

हे सगळं कळूनही तो आवाक्यात यायला वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जिथे आपली मराठा पलटणही लढली, १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी पडलेले १२० असत, असं जनरल स्लिम यांनी लिहिलं आहे. गोळ्या घेण्यात आणि घ्यायला लावण्यात हयगय झाली म्हणून त्यांनी तीन तुकड्यांचे प्रमुख बदलले. त्याच सुमारास अमेरिकन सैन्याने जंगलासाठी खास हॅमॉक काढला. खाली कॅनव्हास, वर पावसासाठी रबर लावलेलं छप्पर, आणि दोन्हींच्या मध्ये सगळीकडे शिवून टाकलेली जाळी, आत शिरायला झिप. वारा मोकळा, डास बंद. आजच्या कॅम्पिंगवाल्यांच्या हॅमॉकचा हा सख्खा आजोबा म्हणायचा.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ पासून सरकारी मोहीम सुरू झाली आणि घरोघर डीडीटी मारायला माणसं येऊ लागली. पाठीवरचा पंप, भिंतींवरचा तो वास आणि फवारणीची तारीख लिहून ठेवलेली भिंत माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल.

तेव्हा हॅमॉकवाल्या मंडळींनी जागा बघून ठरवावं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या पठारावर जोराचा वारा असेल तर डास उडायचं टाळतो, तिथे कापडी आवरण कामाचं, मात्र तोंडाजवळची बाजू थोडी उघडी ठेवावी, म्हणजे वाफ साठणार नाही. पावसाळा सरताना कोकणात किंवा दरीत, साचलेल्या पाण्याजवळ मुक्काम असेल तर जाळीच घ्यावी, आणि गारठ्यासाठी एक गोधडी. जाळी अंगाला चिकटू देऊ नका, चिकटली की डास त्यातूनही चावतो. ॲनॉफिलिस रात्रीचा, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी हॅमॉकमध्ये पुस्तक वाचत पडणाऱ्यांनीही ती गुंडाळून ठेवू नये.